दोन क्रियाविशेषणं, मधे एक 'अँड', आणि पुन्हा पुन्हा लाल होणारं वाक्य

तक्रार ठरलेली असते. एकटं क्रियाविशेषण असलं की इंग्रजी वाक्य सुरळीत जातं. दोन क्रियाविशेषणं 'अँड'ने जोडून क्रियापदाच्या आधी ठेवली की कुठेतरी रेघ उमटते. कधी कॉम्प्युटर उमटवतो, कधी तपासणारा माणूस. आणि विचारणारा दर वेळी एकच विचारतो, "अँडच्या आधी कॉमा हवा होता का?" कॉमाचं शेवटी बघू. दुखणं बहुतेक वेळा तिथे नसतं.

मी दिवसभर दुसऱ्यांचं इंग्रजी तपासते. त्यातलं बरंचसं मनात मराठीत जुळवून मग इंग्रजीत उतरवलेलं असतं. दोन ओळींतच ते ओळखू येतं, कारण माझंही तसंच होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका अहवालात मी लिहिलं होतं: 'वी चेक्ड थरोली अँड इंडिपेंडंटली ऑल द एन्ट्रीज.' वरिष्ठांनी मधल्या तीन शब्दांभोवती गोल केला, त्यातून एक बाण डावीकडे 'चेक्ड'च्या आधी नेला, दुसरा उजवीकडे पार वाक्याच्या टोकाला नेला आणि समासात लिहिलं, 'दोन्हीकडे चालेल, इथे नाही.' मी त्यातला डावा बाण तेवढा लक्षात ठेवला. पुढचे काही महिने दिसेल ती जोडी क्रियापदाच्या आधी कोंबत राहिले आणि नव्या चुका गोळा केल्या. खालचं बरंचसं त्या चुकांतूनच आलेलं आहे.

आधी जोडी सोडवा

'अँड'ने बांधलेली जोडी वाक्यात एका शब्दासारखी वागते. एकट्या क्रियाविशेषणाला जिथे बसता येतं तिथेच जोडीला बसता येतं. 'अँड' आला म्हणून नवी जागा उघडत नाही आणि जुनी बंदही होत नाही. म्हणून वाक्य अडलं की पहिली तपासणी ही: जोडीतला एक शब्द झाकून वाक्य वाचा, मग तो उघडून दुसरा झाकून वाचा. दोन्ही वाचनं सरळ वाटली तर जोडी बरोबर जागी आहे. एक जरी अडखळलं तर चोर सापडला.

'ही फास्ट अँड केअरफुली ड्रोव्ह द ट्रक' हे वाक्य घ्या. 'फास्ट' झाकला तर 'ही केअरफुली ड्रोव्ह द ट्रक' उरतं, ते ठीक आहे. 'केअरफुली' झाकला तर 'ही फास्ट ड्रोव्ह द ट्रक' उरतं, आणि ते कुणीच म्हणत नाही. 'फास्ट' हा शब्द क्रियापदाच्या मागेच चालतो. त्याला पुढे बसवता येत नाही, आणि शेजारी 'केअरफुली' बसवला म्हणून त्याची खोड जात नाही. एक तर सगळी जोडी शेवटी न्या, 'ही ड्रोव्ह द ट्रक फास्ट बट केअरफुली', किंवा 'फास्ट'च्या जागी 'क्विकली' घ्या आणि मग खुशाल पुढे ठेवा.

'हार्ड'चं तर याहून वाईट. 'शी हार्ड अँड पेशंटली वर्क्ड' अडतं म्हटल्यावर हात आपोआप 'हार्ड'ला 'ली' लावतो आणि 'हार्डली अँड पेशंटली वर्क्ड' असं काहीतरी तयार होतं. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. कष्टाळू बाईला आपण कामचुकार करून टाकलं. 'लेट'चा 'लेटली' केला की उशिराचं अलीकडे होतं, 'नीअर'चा 'नीअरली' केला की जवळचं जवळजवळ होतं. या शब्दांना 'ली' लावून वाचवायला जाऊ नका. त्यांना वाक्याच्या शेवटी जागा द्या.

'वेल'ही याच घरातला, पण त्याला एक सवलत आहे. कर्मणी वाक्यात तो क्रियापदाच्या आधी येतो: 'द रिपोर्ट वॉज वेल अँड केअरफुली रिटन.' शिवाय 'वेल अँड ट्रूली' ही जुनी, घट्ट मुरलेली जोडी आहे. 'वी आर वेल अँड ट्रूली लॉस्ट' म्हणजे आपण पुरते हरवलो आहोत. तिच्यातले शब्द उलटे करता येत नाहीत. 'स्लोली बट शुअरली'चंही तसंच. अशा जोड्या तोडून तपासायला जाऊ नये, त्या अख्ख्या उचलायच्या.

कर्म मधे अडकलं

माझ्या त्या पहिल्या वाक्यात काय झालं होतं? 'आम्ही सगळ्या नोंदी कसून आणि स्वतंत्रपणे तपासल्या.' मराठीत कसं तपासलं हे 'तपासल्या'ला चिकटून येतं. इंग्रजीत उतरवताना मी ती जवळीक जपली, जोडी 'चेक्ड'ला चिकटवली, फक्त मागच्या बाजूने. पण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामधे सहसा कुणाला शिरू देत नाहीत. मराठीत क्रियापद टोकाला असतं, त्यामुळे ही अडचण आपल्याला जन्मतः ठाऊकच नाही.

कर्म खूप लांब असेल, त्याला दोन-तीन ओळींचं शेपूट असेल, तर मात्र मधे जोडी घातलेली खपते, कधी कधी सोयीचीही पडते. 'ऑल द एन्ट्रीज'एवढ्या आखूड कर्माला ती सवलत नाही.

'क्लिअर अँड कन्साइजली'

ही चूक मला सगळ्यात जास्त भेटते आणि हिच्यावर माझा थोडा जीवही आहे, कारण ती आळसातून होत नाही, चांगल्या मराठीतून होते.

'स्पष्ट आणि मुद्देसूदपणे लिहा.' हे वाक्य मराठी म्हणून उत्तम आहे. 'पणे' एकदाच आला, शेवटच्या शब्दाला लागला, आणि त्याने मागच्या 'स्पष्ट'लाही आपल्या पंखाखाली घेतलं. 'प्रामाणिक व निर्भयपणे', 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे' असं आपण रोज म्हणतो. 'स्पष्टपणे आणि मुद्देसूदपणे' म्हटलं तर उलट शाळेतल्या निबंधासारखं वाटतं. हाच न्याय इंग्रजीला लावला की तयार होतं 'प्लीज राइट क्लिअर अँड कन्साइजली'. इंग्रजीत 'ली' असा वाटून घेता येत नाही. प्रत्येकाला आपापला हवा: 'क्लिअरली अँड कन्साइजली'.

गंमत म्हणजे यात मराठी एकटी नाही. स्पॅनिशमधे आपल्या 'पणे'सारखा 'मेंते' हा प्रत्यय आहे, आणि दोन क्रियाविशेषणं जोडली की तो पहिल्यावरून काढून टाकायचा असा तिथला रीतसर नियम आहे: 'लेंता इ क्विदादोसामेंते', हळू आणि काळजीपूर्वक. तेव्हा ही चूक सापडली तर स्वतःला फार बोल लावू नका. फक्त 'ली' मोजा. जोडीत दोन शब्द असतील आणि 'ली' एकच दिसत असेल तर थांबून बघा, दुसरा शब्द 'फास्ट'सारखा बिन-'ली'चा आहे की तुम्ही 'ली' वाचवलाय.

मोजणीत एक फसवा शब्द येतो: 'फ्रेंडली'. 'ली' आहे, पण हे क्रियाविशेषण नाही, विशेषण आहे. 'ही पोलाइटली अँड फ्रेंडली रिप्लाइड' म्हणूनच लाल होतं. 'लव्हली', 'लाइव्हली', 'लोनली' ही सगळी तीच भावंडं. 'फ्रेंडली'ला क्रियापदाशी जोडायचं तर 'इन अ फ्रेंडली वे' असं लांब जावं लागतं, आणि जोडीतला एक भाग असा लांबला की ती पुढे ठेवण्यात अर्थ नसतो. 'ही रिप्लाइड पोलाइटली अँड इन अ फ्रेंडली वे' असं शेवटी न्यायचं. किंवा 'पोलाइटली अँड वॉर्मली' करून मोकळं व्हायचं. मी दुसरं करते.

'अँड' मुळात बसतोय का

कधी दोन्ही शब्द एकेकटे बरोबर असतात, जागाही बरोबर असते, तरी वाक्य विचित्र वाटतं. 'शी ऑफन अँड केअरफुली चेक्स द मीटर.' झाकून बघण्याची तपासणी इथे पास होते आणि आपण गोंधळतो.

तेव्हा दोन्ही शब्दांना प्रश्न विचारा. 'केअरफुली' हे 'कसं?'चं उत्तर आहे, 'ऑफन' हे 'कितीदा?'चं. 'अँड' एकाच प्रश्नाची दोन उत्तरं जोडतो. मराठीतही 'ती बऱ्याचदा आणि काळजीपूर्वक मीटर बघते' म्हटलं तर कान टवकारतात. 'तो बहुधा आणि हळूहळू निघाला' तर आपण हसूनच सोडून देऊ. मराठी कान इथे विश्वासाचा आहे, त्याला विचारा. जे मराठीत 'आणि'ने जुळत नाही ते 'अँड'ने सहसा जुळत नाही.

उपाय म्हणजे 'अँड' काढून टाकणं. वेगळ्या प्रश्नांची उत्तरं 'अँड'शिवाय वेगवेगळ्या जागी बसतात: 'शी ऑफन चेक्स द मीटर केअरफुली.' एकामागे एकही चालतात: 'ही ऑफन डेलिबरेटली कम्स लेट', तो बऱ्याचदा मुद्दाम उशिरा येतो. इथे मधे 'अँड' घातला तर वाक्य मोडेल.

'कितीदा'ची दोन उत्तरं मात्र आपसात जुळतात, पण 'ऑर'ने: 'ही रेअरली ऑर नेव्हर रिप्लाइज.' याचा 'रेअरली ऑर एव्हर' झालेला मी छापील मजकुरातही पाहिला आहे. तो 'रेअरली इफ एव्हर'शी झालेला घोळ आहे. क्वचितच, आणि तेही झालं तर.

जाता जाता: 'हळूहळू'चं भाषांतर 'स्लोली अँड स्लोली' होत नाही. एकच 'स्लोली' किंवा 'ग्रॅज्युअली' पुरतं. 'पुन्हा पुन्हा'ला 'अगेन अँड अगेन' आहे, पण ते सहसा क्रियापदाच्या आधी बसत नाही. 'ही अगेन अँड अगेन आस्क्ड मी' ऐवजी 'ही आस्क्ड मी अगेन अँड अगेन', आणि पुढेच ठेवायचं असेल तर 'ही रिपीटेडली आस्क्ड मी'.

क्रियापदाच्या आधी, म्हणजे कुठल्या?

'क्रियापदाच्या आधी ठेवा' हा सल्ला क्रियापद एकटं असेल तोवर बरा. 'हॅज बीन चेक्ड' अशी रांग लागली की प्रश्न येतो: 'हॅज'च्या आधी, 'बीन'च्या आधी, की 'चेक्ड'च्या?

काम कसं झालं हे सांगणारी जोडी मुख्य क्रियापदाला चिकटते: 'द फाइल हॅज बीन केअरफुली अँड रिपीटेडली चेक्ड.' 'प्रॉबेब्ली'सारखा, बोलणाऱ्याची खात्री सांगणारा शब्द पहिल्या सहायक क्रियापदाच्या मागे थांबतो: 'हॅज प्रॉबेब्ली बीन चेक्ड.' 'रिपीटेडली' एकटा असता तर 'हॅज रिपीटेडली बीन चेक्ड' हेही चाललं असतं. पण जोडीत तो 'केअरफुली'बरोबर बांधलेला आहे, आणि 'केअरफुली'ला 'बीन'च्या आधी करमत नाही. जोडीतला जो जास्त हट्टी, त्याच्या जागी दोघांनी जायचं. बाकी 'हॅज' किंवा 'विल'च्याही आधी जोडी नेली तर इंग्रजी वाचकाला ठेच लागते. तिथे विशेष जोर द्यायचा नसेल तर जाऊ नये.

ब्रिटनच्या 1978 च्या शपथविषयक कायद्यात, धार्मिक शपथ न घेणाऱ्यांसाठी जे प्रतिज्ञेचे शब्द दिले आहेत, त्यात ही रचना फार सुरेख दिसते: 'डू सोलेमली, सिन्सिअरली अँड ट्रूली डिक्लेअर अँड अफर्म.' एका सहायक 'डू'नंतर तीन क्रियाविशेषणं, मग दोन क्रियापदं. तिन्ही 'कसं?'ला उत्तर देतात, तिघांना आपापला 'ली' आहे, तिघं मिळून दोन्ही क्रियापदांवर राज्य करतात. रोजच्या लेखनात मात्र एवढा लवाजमा नेऊ नका. 'शी केअरफुली अँड पेशंटली रेड अँड मार्क्ड द पेपर्स अँड नोट्स' असं झालं की कोणता 'अँड' कुणाला बांधतोय हे शोधण्यात वाचक दमतो. तिथे एक क्रियाविशेषण सोडून द्यावं. बहुधा 'पेशंटली'.

क्रियाविशेषण जागेवरून हललं म्हणून काय बिघडतं, असं वाटत असेल तर 20 जानेवारी 2009 आठवा. बराक ओबामांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'विल फेथफुली एक्झिक्यूट'मधला 'फेथफुली' उचलून वाक्याच्या शेवटाकडे नेला. ओबामा थबकले. व्याकरणाने तो शब्द शेवटीही चुकीचा नव्हता आणि अर्थही तोच राहत होता, पण अमेरिकेच्या राज्यघटनेत शपथेचे शब्द अक्षरशः लिहिलेले आहेत. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधे खबरदारी म्हणून शपथ पुन्हा दिली गेली. आपल्या अहवालात एवढं महाभारत होत नाही. तिथे दोन्ही जागा मोकळ्या असतात आणि कानाला बरी वाटेल ती घ्यायची.

'नॉट' शेजारी आला की सावध

इथे चूक लाल होत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. वाक्य शुद्ध राहतं आणि अर्थ निसटतो.

'ही डेलिबरेटली डिड नॉट टेल मी': त्याने मुद्दामच सांगितलं नाही. 'ही डिड नॉट डेलिबरेटली टेल मी': त्याने सांगितलं असेलही, पण मुद्दाम नाही. 'नॉट'च्या उजवीकडे जे येतं ते त्याच्या तावडीत सापडतं. आता एका शब्दाच्या जागी 'अँड'ची जोडी ठेवा. 'ही डिड नॉट नोइंगली अँड विलफुली हाइड द फॅक्ट.' यात नक्की काय नाकारलं? जाणूनबुजून लपवलं नाही, की हेतुपुरस्सर लपवलं नाही, की दोन्ही एकत्र नव्हतं एवढंच? काटेकोर वाचणारा शेवटचा अर्थ काढू शकतो: त्याला माहीत होतं, पण हेतू नव्हता. दोन्ही गोष्टी नाकारायच्या असतील तर 'ऑर' घाला: 'डिड नॉट नोइंगली ऑर विलफुली हाइड.' गुप्ततेच्या करारांत 'नॉट डायरेक्टली ऑर इंडायरेक्टली' असं लिहितात ते यासाठीच. तिथे 'अँड' टाकला तर दोन्ही मार्गांनी एकदम फोडलं तरच करार मोडला, असं म्हणायला कुणाला तरी वाव मिळेल.

जोडी कधी कधी औषधही असते

'शी क्लिअरली एक्सप्लेन्ड द रूल.' याचे दोन अर्थ लागतात: तिने नियम स्पष्ट करून सांगितला, किंवा तिने नियम सांगितला हे उघडच आहे. क्रियापदाच्या आधीची जागा ही अशी दुहेरी आहे. 'क्लिअरली', 'ऑनेस्टली' असे शब्द तिथे बसले की ते कामाबद्दल बोलतायत की बोलणाऱ्याच्या मताबद्दल, हे कळत नाही. शब्द शेवटी नेला तर प्रश्न सुटतो, पण जोडीनेही सुटतो. 'शी क्लिअरली अँड कामली एक्सप्लेन्ड द रूल' म्हणा. 'कामली', म्हणजे शांतपणे, हे फक्त 'कसं?'चंच उत्तर देऊ शकतं, आणि 'अँड' सारख्याला सारखं जोडतो, म्हणून तो 'क्लिअरली'लाही ओढून आपल्या बाजूला आणतो. दुसरा अर्थ गळून पडतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि मग काही आठवडे मी प्रत्येक 'क्लिअरली'ला जोडीदार शोधत होते. तसं करू नका.

आता कॉमा

दोन क्रियाविशेषणं 'अँड'ने जोडली तर मधे कॉमा नको आणि जोडीनंतर क्रियापदाच्या आधीही नको. 'ही स्लोली, अँड केअरफुली ओपन्ड द बॉक्स' यातला एकटा कॉमा म्हणजे दाराची एकच फळी लावल्यासारखं आहे. दुसरं क्रियाविशेषण मुद्दाम वेगळं काढून दाखवायचं असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी कॉमा द्या: 'ही स्लोली, अँड व्हेरी केअरफुली, ओपन्ड द बॉक्स.' 'बट' असेल तर ही इच्छा जास्त होते, कारण तिथे विरोध असतो, पण 'स्लोली बट शुअरली'ला कॉमाशिवायच बरं वाटतं. तीन शब्द असले तर पहिल्या दोघांमधे कॉमा लागतोच. तिसऱ्याच्या 'अँड'आधी द्यायचा की नाही हे तुमच्या संपादकाला विचारा, आणि तो जे सांगेल तेच सगळीकडे ठेवा.